हात मागं

"हात मागं."

कुणी काही बिघडलेलं समोर आणून ठेवलं की ते पहिल्यांदा हे म्हणायचे. मग स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरायचे, मान किंचित डावीकडे कलवायचे आणि नुसते बघत उभे राहायचे. समोर सायकलचा डायनामो असो, शिवणयंत्र असो, नाहीतर पाणी चढवायला कुरकुरणारा पंप असो. भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनीही तसंच उभं राहायचं. देवळात गेलेल्या माणसांचे हात पुढे असतात, यांच्या वर्गात सगळ्यांचे मागे. बघणं पुरं होईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. पुरेसा वेळ गेला असं त्यांना वाटलं की मग विचारायचे, "बघून झालं काय? आता हात पुढं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अडचण आली की तिच्यावर तुटून पडणारी माणसं पुष्कळ असतात. अडचणीला जरा तिच्या जागी राहू देणारी थोडी. यंदा उन्हाळा सुरू व्हायच्या आधी ते गेले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. आज बसले आहे.

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले. माझे यजमान सरकारी संशोधनशाळेत होते. घरात दिवसभर पुस्तकं वाचून झाली आणि घरातली पुस्तकंही संपली, तेव्हा मी नोकरी धरली. कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांसाठी विद्यापीठाने संध्याकाळचा एक अभ्यासक्रम काढला होता, तिथल्या लहानशा ग्रंथालयात. कारखान्यांचे भोंगे झाले की रस्ते सायकलींनी भरून जायचे. त्यातल्या काही सायकली आमच्या फाटकाशी वळायच्या. डबा कॅरिअरला तसाच बांधलेला, हाताला तेलाचा वास, खिशात पेन्सिल. ते आमचे विद्यार्थी.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. पुस्तकांची कार्डं ठेवायच्या कपाटाचा एक खण उघडेना. मी ओढला, शिपायाने ओढला, मग आम्ही दोघांनी मिळून ओढला. मान वर केली तर दारात पांढरं धोतर, काळा कोट आणि डोक्याला टोपी अशा वेशातला एक गृहस्थ हात मागे बांधून उभा. कुणी सरकारी तपासनीस आले असं वाटून मी पदर सावरला.

"स्वल्प थांबा अक्का," ते म्हणाले. "हात मागं घ्या. त्या खणानं तुमचं काय केलंय?"

मी त्यांच्याहून खूपच लहान. "मला अक्का कशाला म्हणता?" असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"इथं मान द्यायचा असला की अक्का म्हणतात. बेड, म्हणजे नको म्हटलात तर नाही म्हणणार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता कपाटाच्या पायांकडे बघत राहिले. मग विचारलं, "कपाट सरकवलं होतं काय कुणी?"

सरकवलं होतं. आदल्या आठवड्यात फरशी धुतली तेव्हा. एक पाय खळग्यात गेला होता आणि सबंध कपाट कणभर तिरपं झालं होतं. पुठ्ठ्याची घडी पायाखाली गेली आणि खण लोण्यातून यावा तसा बाहेर आला.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात बोलायचे, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की कुठली कुठे संपते ते कळू नये. "तुम्ही परवा आलात, आम्ही जरा आधी आलो," असं ते आम्हा पुण्यामुंबईच्या लोकांना सांगायचे. दिवसा एका मोठ्या कारखान्यात फोरमन होते आणि संध्याकाळी आमच्याकडे शिकवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वेळापत्रकात त्यांच्या विषयाचं नाव लांबलचक होतं, 'व्यावहारिक प्रश्न व त्यांची उकल'. विद्यार्थी त्याला बिघाडाचा तास म्हणायचे. दर आठवड्याला कुणीतरी आपल्या कामातलं काहीतरी अडलेलं घेऊन यायचं. ते टेबलावर ठेवायचं, हात मागे घ्यायचे आणि बघायचं. ग्रंथालय आणि वर्ग यांच्यामध्ये फक्त अर्ध्या उंचीची फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्यांचा तास मी कितीतरी वर्षं, पुस्तकांना नंबर घालता घालता, ऐकला.

त्यांच्याकडे आणखी एक काम होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात एक चांगली सोय होती. एखाद्याने कामावर राहून जे आधीच शिकून घेतलं असेल ते त्याला पुन्हा शिकायला लावायचं नाही. त्या त्या विषयाचे शिक्षक त्याच्याशी बोलून, त्याचं काम पाहून ठरवायचे आणि तो विषय उत्तीर्ण झाल्यासारखा धरला जायचा. पूर्वानुभवाची सूट असं तिचं नाव. सोय चांगली, पण चालेना. कारण शिक्षक विचारायचे, "तुम्हाला काय काय येतं?" आणि आपल्याकडची माणसं खुर्चीत बसलेल्या माणसापुढे उभी राहिली की एकच उत्तर देतात, "काही विशेष नाही, सर." वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, काही विशेष नाही. झालं, सूट नामंजूर.

अण्णा हा प्रश्न कधीच विचारत नसत. ते विचारायचे, "शेवटचं काय बिघडलं होतं?"

बास. एकदा टेलिफोनचे भाग जोडणारी एक बाई आली होती. आनेकलहून बसने यायची, पहिली काही मिनिटं तर तिने मान वर केली नाही. अण्णांनी तो प्रश्न विचारला आणि बाईने पदर खोचला. कुठली तार सुटत होती, सुपरवायझर काय म्हणाला, तिला काय शंका आली, तिने जेवणाच्या सुट्टीत काय करून पाहिलं, आणि मग सुपरवायझरचं तोंड कसं झालं! सगळं कन्नडमध्ये, धो धो. तिची बस चुकायची वेळ झाली तेव्हा अण्णांनीच तिला, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं तंगी म्हणून, थांबवलं. "पुरे की तंगी, सूट दिली. नाहीतर इथंच राहायला लागेल तुला."

मग एका वर्षी आमच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठाची पक्की मान्यता मिळाली. आनंदाचीच गोष्ट होती. विद्यार्थ्यांच्या पदविकेला वजन आलं. पण मान्यतेबरोबर नियम आले आणि त्यांतला एक असा होता की ज्याच्याकडे निदान ही पदविका नाही त्याला पुढच्या जूनपासून इथे शिकवता येणार नाही.

अण्णांनी शाळा मधेच सोडली होती.

आमचे प्राचार्य कन्नड, स्वभावाने सज्जन. हे सांगायला ते स्वतः ग्रंथालयात आले, कारण अण्णा तिथे पंख्याकडे बघत उभे होते. प्राचार्य म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, आणि ते ऐकून अण्णांनी हात मागे घेतले. मला वाटलं, आता प्राचार्यांनाच बघत बसतात की काय.

"दिवसा कारखान्यात मला सांगत राहावं लागतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "हे कर, ते कर, लवकर कर. इथं मला विचारायला मिळतं, सर. आठवड्यातनं तेवढंच." एवढंच बोलले. मी त्यांचा आवाज असा खाली गेलेला त्याआधी कधी ऐकला नव्हता.

प्राचार्यांनी तोड सुचवली. वर्षभर अवकाश होता. अण्णांनी आपल्याच अभ्यासक्रमाला विद्यार्थी म्हणून नाव घालावं, जे येतं त्याची सूट घ्यावी, उरेल तेवढ्याची परीक्षा द्यावी आणि जूनमध्ये पदविका घेऊन परत वर्गात यावं.

सूट द्यायला इतर विषयांचे शिक्षक बसले. एकाने सवयीने विचारलं, "अण्णा, तुम्हाला यातलं काय काय येतं?" अण्णा टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "काही विशेष नाही, सर." मी भिंतीच्या अलीकडे तोंडाला पदर लावला.

तरी एकेक करून सगळ्या विषयांत सूट मिळाली. उरला एक. हेडक्लार्कने नियम काढून वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"अण्णा, सूट देण्याची शिफारस त्या विषयाच्या शिक्षकानं करायची असं आहे."

"सरी, बरं."

"या विषयाचे शिक्षक तुम्हीच की."

"होय की."

"मग तुम्हाला सूट द्यावी अशी शिफारस तुम्हीच करणार?"

अण्णा बराच वेळ हात मागे घेऊन उभे राहिले. "नको," शेवटी म्हणाले. "मी ओळखतो त्या माणसाला. लई हट्टी आहे. त्याला शिकायला लावा."

अशा रीतीने अण्णा आपल्याच विषयाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. शिकवायला एक तरुण प्राध्यापक नेमले. पुण्याहून नुकतेच आलेले, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले, मनाने सरळ. विद्यार्थी त्यांना पुणेसर म्हणू लागले. पहिल्या दिवशी पुणेसर वर्गात शिरले तर समोरच्याच बाकावर टोपी घालून अण्णा.

"सर, तुम्ही प्लीज इतकं पुढे बसू नका ना. मी नर्व्हस होतो."

"मागं बसलो तर ऐकू येत नाही, सर."

"मला सर नका म्हणू, सर."

"मग काय म्हणू, सर?"

वर्ग हसला. पुणेसरही हसले आणि शिकवू लागले. चांगलं शिकवत. अडचण कशी मांडावी, माहिती कुठली आहे आणि कुठली नाही, कारणं कुठल्या क्रमाने तपासावीत, हे फळ्यावर स्वच्छ लिहून दाखवत. पण त्यांची सुरुवात ठरलेली असे. "समजा, एका कारखान्यात..."

पुढच्या बाकावरून हात वर. "कुठला कारखाना, सर?"

"कुठलाही, सर."

"कुठलाही म्हणजे? यशवंतपूरचा काय?"

"बरं, यशवंतपूरचा."

"यशवंतपूरचा असेल तर मग आधी व्होल्टेज बघायला लागेल," असं म्हणून अण्णा वळून वर्गातल्या यशवंतपूरच्या माणसाला विचारणार, "संध्याकाळी लाइट मंद पडतो की नाही रे तुमच्याकडं?" तो सांगायला लागणार आणि पुणेसरांचा समजलेला कारखाना जागच्या जागी विरघळून जाणार.

दिवाळीनंतर चाचणी झाली. प्रश्न होता की एका विहिरीवरचा पंप पूर्वीपेक्षा कमी पाणी देतो, दोष कसा शोधाल? अण्णा सगळ्यांच्या आधी बाहेर आले आणि ग्रंथालयाच्या पायरीवर बसून त्यांनी मजेत कॉफी घेतली.

"सोपा होता काय पेपर?" मी विचारलं.

"एकच वाक्य लिहायचं होतं."

पुणेसर संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्याकडे आले. अण्णांनी इंग्रजीत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं की पंप बघितल्याशिवाय काही सांगणं बरोबर होणार नाही. खाली सही.

तोवर अण्णाही आत आले होते. पुणेसरांचा चेहरा पडलेला होता.

"सर, मी याला किती मार्क देऊ?"

"शून्य द्या की."

"अहो, पण चूक काहीच नाही यात!"

"तर. पण उत्तर तरी कुठं आहे? मी असतो तर शून्यच दिलं असतं."

"मग एप्रिलमध्ये काय लिहाल? तिथे पेपर बाहेरचे लोक तपासणार. परीक्षेच्या हॉलमध्ये मी तुम्हाला पंप कुठून आणून देऊ?"

"म्हणून तर म्हणतो. पंप नाही तिथं पंपाबद्दल बोलू नये."

पुणेसर टेबलावर हात टेकून उभे राहिले. "सर, तुम्ही नापास झालात तर जूनमध्ये हा वर्ग माझ्याकडे राहील. मला तो नको आहे. मला तुमच्यासारखं विचारता येत नाही. मी विचारलं तर ते परत म्हणतात, काही विशेष नाही."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. टोपी घातली आणि गेले. मी तो कागद फाइलला लावला आणि मनात म्हटलं, संपलं. हा माणूस हट्टाने आपला वर्ग घालवणार. आणि तो नुसता हट्टही नव्हता, ही खरी पंचाईत होती. जन्मभर ज्या एका गोष्टीवर त्याचं सगळं उभं होतं तीच सोड असं आम्ही त्याला सांगत होतो.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी त्यांच्या घरून बोलावणं आलं. काकूंचं, म्हणजे अण्णांच्या पत्नीचं. पुणेसरांना, मला आणि माझ्या यजमानांना. कॉटनपेठेतल्या गल्लीतलं अरुंद पण खोल घर. पुढे दुकानासारखी ओटी, मग माजघर, मग चूल. काकू बुटक्या, गोऱ्या, कपाळभर कुंकू, आणि तोंड सतत चालू.

"या की, या. पुणेसर म्हणजे तुम्हीच काय? तुमच्यामुळं आमच्या घरी झोप नाही. हे आढ्याकडं बघत पडतात. मी म्हटलं आढ्याला काही झालंय काय, तर नाही म्हणतात."

आम्ही पाटांवर बसलो. काकूंनी केळीच्या पानांवर पिवळाधमक चित्रान्न वाढलं. भातात लिंबू, शेंगदाणे, वर खोबरं. पुणेसरांनी दोनदा मागून घेतलं आणि मोकळेपणाने तारीफ केली.

"यांना तेवढं सांगा," काकू म्हणाल्या. "माझ्या स्टोव्हचा भडका झाला तरी हे हात मागं घेऊन उभे. मी डोळे चोळत्ये आणि हे बघतायत!"

"स्टोव्ह दुरुस्त केला की मी," अण्णा पुटपुटले.

"केला. भात करपल्यावर." मग त्या पळी हातात घेऊनच समोर बसल्या. "अहो, काय ते समजा लिहा म्हणतात तर लिहून टाका ना. त्यात काय जातंय?"

"न बघता कसं लिहू? खोटं होतंय ते."

"खोटं?" काकूंनी पळी खाली ठेवली. "रोज संध्याकाळी मी तांदूळ धुते तेव्हा तुम्ही वर्गात असता. बरोबर कोण जेवायला येणार ते मला इथनं दिसतंय काय? कधी एक आणता, कधी चार. तुमच्यासारखं बघून मग शिजवायचं म्हटलं तर माणसं जेवणार कधी? मी समजते की. दोघं येतील म्हणून समजते, वर स्वल्प टाकते."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"काल कोणी नाही आलं. आता तुम्ही सगळे खाताय ते काय आहे?"

माझ्या यजमानांना ठसका लागला. पुणेसर आपल्या पानाकडे बघत राहिले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांचा उजवा हात पानावर होता, पण डावा हळूहळू पाठीमागे गेला, मी पाहिलं.

मग पुणेसर बोलले, आणि फार नीट बोलले. "सर, सूट देताना तुम्ही माणसांना विचारता, शेवटचं काय बिघडलं होतं. ते सांगतात. ते बिघडलेलं यंत्र तुम्ही कुठे बघता? ती आनेकलची बाई काय सांगत होती ते तुम्ही बसल्या जागी डोळ्यांपुढे आणलंत आणि तिला सूट दिलीत. तेच करायचं आहे. फक्त सांगणारं कुणी नाही, म्हणून सांगणाराही तुम्हीच व्हायचं."

गल्लीतून शेंगा विकणारा ओरडत गेला.

"ते मी आधी बघितलं नव्हतं," अण्णा म्हणाले. आणि काकूंना म्हणाले, "वाढ की थोडं."

त्या दिवसापासून चार महिने त्यांनी समजायचा सराव केला. मला तो शब्द दुसरा सुचत नाही. ग्रंथालयात येऊन बसायचे आणि म्हणायचे, "अक्का, समजा, तुमचं हे घड्याळ मागं पडतंय." मी म्हणायची, "ते बरोबर चाललंय." "सरी, सरी, पण समजा." त्यांना ते जड जायचं. पोहता न येणाऱ्या माणसाने पाण्यात पाय सोडावा तसा ते तो शब्द उच्चारायचे. चुकायचेही. एकदा सगळं समजून घेतल्यावर उठून घड्याळ खाली काढायला निघाले होते.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मला त्या दिवशी ग्रंथालयात काही काम नव्हतं, तरी मी गेले. पुणेसर व्हरांड्यात येरझारा घालत होते. हॉल खिडकीतून दिसत होता. सगळे लिहायला लागले आणि अण्णांनी प्रश्नपत्रिका बाकावर ठेवली, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान कलवून तिच्याकडे बघत बसले.

पर्यवेक्षक बाहेरचे होते. त्यांना हे उभ्या जन्मात कुणी केलेलं ठाऊक नसणार. ते दबक्या पावलांनी बाकामागे गेले, वाकले आणि अण्णांच्या मुठी निरखून पाहू लागले. चिठ्ठी असणार अशी त्यांची खात्रीच. अण्णांनी शांतपणे दोन्ही पंजे उघडून दाखवले आणि पुन्हा मिटले. पर्यवेक्षक बाकाखाली बघून आले, टोपी काढायला लावून टोपीत बघून आले. पुणेसरांनी व्हरांड्यात कपाळाला हात लावला. मग एकदाचे अण्णांचे हात पुढे आले, त्यांनी पेन घेतलं, आणि घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर आले ते बोटं शाईने माखून.

"छापखान्याचा प्रश्न होता," म्हणाले. "यंत्राचा पट्टा दर दुपारी घसरतो. का घसरतो ते शोधा. लिहिलं मी. समजा, छप्पर पत्र्याचं आहे. समजा, पट्टा जुना आहे. समजा, दुपारी दुसरं यंत्रही चालू करतात. समजा, मालक कंजूष आहे..."

"मालक कंजूष आहे असं लिहिलंत?" पुणेसर घाबरून म्हणाले.

"मग पट्टा जुना का असेल, सर?" अण्णांनी रुमालाने बोटं पुसली. "त्या बिचाऱ्याचा सगळा छापखाना मी बिघडवून टाकला. आता घरी जाऊन झोपतो."

निकालाच्या दिवशी पुणेसर सायकलवरून विद्यापीठात गेले. व्हरांड्यातल्या फळ्यावर निकाल लावत. आम्ही इकडे वाट बघत बसलो, प्राचार्य, हेडक्लार्क, मी. अण्णा एका बिघडलेल्या कुलुपाकडे बघत होते, किंवा तसं दाखवत होते. फाटकात सायकल टाकून देऊन पुणेसर धावत आले आणि दारात उभे राहिले. तोंड उघडलं, पण नुसती धाप.

"हात मागं, सर," अण्णा म्हणाले. "आधी श्वास घ्या."

पुणेसरांनी खरंच हात मागे घेतले, श्वास घेतला, आणि म्हणाले, "झालात. पास झालात."

प्राचार्यांनी सगळ्यांना कॉफी मागवली. हेडक्लार्क जोरजोरात नाक शिंकरू लागला. मी पुस्तकांच्या फळीशी जाऊन पाठ करून उभी राहिले. वळून पाहिलं तर अण्णा खोलीत नव्हते. ते पलीकडे, रिकाम्या वर्गात होते. आपल्या विद्यार्थ्याच्या बाकावर थोडे टेकले, मग उठून टेबलापाशी गेले आणि भिंतीवरून ओरडून त्यांनी विचारलं, "पुणेसर, खडू कुठं ठेवलाय तुम्ही?"

जूनमध्ये बिघाडाचा तास पुन्हा त्यांच्याकडे आला. तोच, पण थोडा बदललेला. आता हात मागे घेऊन बघून झालं की कधी कधी ते म्हणायचे, "जे दिसतंय ते बघा. जे दिसत नाही ते समजा. पण काय समजलात ते मोठ्यानं सांगा, म्हणजे चुकलं तर दुसऱ्याला दिसेल." हे आधीच्या अण्णांनी कधी म्हटलं नसतं. वर्षातून एकदा ते पुणेसरांना आपल्या वर्गात बोलवायचे आणि स्वतः पुढच्या बाकावर बसायचे. आता "कुठला कारखाना?" असं विचारत नसत. पण हात शिवशिवत असावा. मांडीखाली दाबून ठेवलेला मी पाहिला आहे.

कारखान्यातून ते निवृत्त झाले. वर्ग सुटला नाही. किती माणसांना त्यांनी विचारलं असेल, शेवटचं काय बिघडलं होतं? मी मोजलं नाही. त्या फळ्यांच्या भिंतीमुळे मला ऐकू येत राहिलं, एवढं खरं.

त्या दिवशी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला. झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी तास घेतला होता, कुणाच्या तरी इस्त्रीचा दांडा टेबलावर होता. तो निरोप ऐकून मला रडू येण्याच्या आधी जे वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण ते खरं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. वर्ग शेवटपर्यंत त्यांचाच राहिला. त्यांना कधीच घरी बसावं लागलं नाही, आढ्याकडे बघत.

कॉटनपेठेतल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना सायकली लागल्या होत्या. माजघरात त्यांना ठेवलं होतं, टोपी उशाशी. भोवती जुने नवे विद्यार्थी उभे होते. कुणी कामाच्या कपड्यांत, कुणी रजा टाकून आलेले. आनेकलची ती बाई होती, आता तिचे केस पिकायला लागले आहेत. पुणेसर होते. मी दारात थबकले, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही आली नव्हती. त्या सगळ्यांचे हात मागे होते. एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं, मान थोडी डावीकडे. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आणि अण्णांच्या चेहऱ्यावर कुठे काही अडल्याची खूण नव्हती.

तिरडीचं सामान आणलेली माणसं ओटीवर खोळंबली होती. भटजींनी दोनदा हाक मारली. कुणी हललं नाही.

काकू भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि मला वाटतं त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"बघून झालं काय रे?" त्या म्हणाल्या. "आता हात पुढं."